सवतीच्या पायाखालचं लाकूड

तिची सवत भिंतीवर नव्हती. फोटो केव्हाच काढून ठेवले होते, कपडे वाटून टाकले होते, भांडीसुद्धा बदलली होती. सवत जमिनीवर होती. पुढच्या खोलीतल्या ओकच्या फळ्यांवर.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात तिची उमर गेली होती. काच तिरकी धरली की ओरखडा दिसतो, हे डोळ्यांत मुरलेलं. त्यामुळे संध्याकाळी दिवा लावला की खोलीभर तिला नवऱ्याची पहिली बायकोच दिसायची. टेबलापाशी खुर्चीच्या चाकांनी काढलेलं अर्धवर्तुळ. आरशासमोर टाचांचे बारीक खड्डे. खिडकीजवळ एक फिकट चट्टा. तिथे उभी राहून पहिली तासन्‌तास फोनवर बोलायची म्हणे. ती स्वतः वडिलांचं लांबलेलं आजारपण संपल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर लग्न करून या घरात आली, आणि तेव्हापासून मऊ रबरी चपला घालून वावरत होती. तिचा स्वतःचा एकही ओरखडा या जमिनीवर नव्हता. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी आलं असतं.

मग वॉशिंग मशीनचा पाइप निसटला, पाणी पुढच्या खोलीत शिरलं आणि दाराजवळच्या फळ्या फुगल्या. पाणी तिनेच पुसलं, पण फार घाई केली नाही.

"खराब झाल्यात तेवढ्या बदलू," नवरा म्हणाला. "बाकीच्या घासून घेऊ."

"सगळ्याच काढू."

"चांगली जमीन आहे गं."

"मी कुठे वाईट म्हणतेय?"

सुट्टीच्या दिवशी फ्लोअरिंगवाला आला. नणंदही आली, योगायोगाने, म्हणजे भावाने फोन केला म्हणून. नणंद अजूनही पहिलीलाच 'वहिनी' म्हणायची. हिला नुसतं 'अहो'.

"वहिनीने हट्टाने सॉलिड लाकूड घेतलं होतं," चहाचा कप हातात घेऊन नणंद फ्लोअरिंगवाल्याला सांगू लागली. "हलकंसलकं तिला चालायचंच नाही. नजर असावी लागते त्याला."

"माझी सगळी नजर दुकानातच संपते," ती म्हणाली.

फ्लोअरिंगवाल्याने दोन नमुने टेबलावर ठेवले. "हे सॉलिड. वरपासून खालपर्यंत एकच लाकूड. जुनं दिसायला लागलं की घासायचं, पुन्हा नवं. आणि हे इंजिनिअर्ड. खाली प्लायचे थर, वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा. दमट हवा जास्त सोसतं, फुगणं-आकसणं कमी. पण घासायला वाव नाही फारसा. हा इतका पातळ असला, तर एकदाही घासू नये."

"आमचं सॉलिडच आहे," नणंद म्हणाली.

"बघतो ना." त्याने फुगलेल्या फळीच्या फटीत पटाशी घातली. फळी निघाली. त्याने ती उलटी केली, कड उजेडात धरली आणि जरा वेळ बघत राहिला. कडेला एकावर एक थर होते, पुस्तकाच्या पानांसारखे.

"हे इंजिनिअर्ड आहे," तो म्हणाला. "आणि वरचा थर अगदीच पातळ. घासायला गेलो तर प्लाय वर येईल."

तिला इतका आनंद झाला की तो लपवण्यासाठी तिला खिडकी पुसायला घ्यावी लागली.

"वहिनीला फसवलं दुकानदाराने," नणंद म्हणाली.

"फसवलं नाही." नवरा त्या फळीकडे बघत होता. "तिला माहीत होतं. हवं होतं सॉलिडच, पण तेव्हा मला जमत नव्हतं. मग तीच म्हणाली, हे घेऊ, आणि कुणी विचारलं तर सॉलिड आहे म्हणून सांगू. माझी मान खाली जायला नको म्हणून."

"मलासुद्धा नाही सांगितलं?"

"तुला तर मुळीच नाही. तू गावभर केलं असतंस."

नणंदेने कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

खिडकी पुसणारा हात थांबला. तिला वाटलं होतं, पहिलीचा खोटेपणा सापडला. सापडलं होतं ते नवरा-बायकोचं गुपित. दोघांनी मिळून जपलेलं, आणि पहिली गेल्यावर त्याने एकट्याने. हिच्याशी त्याचं गुपित म्हणावं असं काहीच नव्हतं. जे होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"या वेळी सॉलिडच घेऊ," नवरा म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "पुऱ्या घराला. तुझ्यासाठी."

तिने वळून पाहिलं. 'तुझ्यासाठी' म्हणताना त्याची नजर टेबलाजवळच्या अर्धवर्तुळावर होती. सॉलिड घेतलं, तर ते पहिलीला द्यायचं राहून गेलेलं. इंजिनिअर्ड घेतलं, तर पहिलीचंच पुन्हा. टेबलावर दोन नमुने होते आणि दोन्ही आधीच कुणाचे तरी झालेले होते.

"घासलं की सगळं जातं?" तिने फ्लोअरिंगवाल्याला विचारलं. "ओरखडे, खड्डे?"

"सॉलिडचं? सगळं. आधी कोण राहत होतं, पत्ताही लागायचा नाही."

"आणि याचं?"

"याचे डाग याच्यावरच राहणार."

"मग हेच घाला. पातळ थराचं."

"बाई, यात जाड थराचंही मिळतं. थोडं पुढचं बघून..."

"पुढचं बघूनच सांगतेय."

"अगं, पण का?" नवरा म्हणाला. "आता जमतंय ना आपल्याला."

"माझ्यानंतर कुणी आली, तर तिला घासून नवं करता येऊ नये म्हणून."

नणंद हसली, मग आपण एकटेच हसतोय हे पाहून गप्प झाली.

"कुणी येणार नाहीये," नवरा म्हणाला.

"तिलाही हेच सांगितलं असशील."

फ्लोअरिंगवाल्याने खोली मोजायला टेप बाहेर काढली, दुसरं टोक कोण धरतंय म्हणून सगळ्यांकडे पाहिलं, आणि तीच पुढे झाली.