हळदीवरचा आळ

“तिला सांग, हळदीनं झालंय. विषय संपव.” आमच्या फार्मसीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे पात्रों म्हणायचो, मला कपाटामागे ओढून बजावत होते. बाहेर बाकावर मीना बसली होती, शेजारी तिची आई. मीनाचं तोंड, मान, हात, सगळं लाल होऊन सुजलं होतं. डोळे जेमतेम उघडत होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मॉरिशसमध्ये, पोर्ट लुईच्या बाजाराजवळ मी फार्मासिस्ट होते. मीना प्लेन दे पपाय गावची. आईबाप उसाच्या मळ्यात. समुद्रकाठच्या एका हॉटेलात तिला नोकरी लागली होती, पाहुण्यांना टॉवेल आणि शरबत नेऊन द्यायची. नोकरी कायम व्हायची वेळ आली होती. बिनबाह्यांचा युनिफॉर्म, दिवसभर ऊन, म्हणून हॉटेलनं पोरींना फ्रान्सहून आलेलं सनस्क्रीन जेल लावायला दिलं. ते जेल आमच्याच दुकानातून जायचं. आता पात्रोंना हळद का आठवली ते कळलं असेल.

झालं असं, की त्याच आठवड्यात मीनाच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. नवरीची उष्टी हळद घरातल्या सगळ्या पोरींना फासली, आपल्यात फासतातच. दुसऱ्या दिवशी ती जेल लावून कामावर गेली आणि संध्याकाळपासून अंग पेटलं. हॉटेलच्या मॅनेजरनं ऑफिसात बसवून तिच्या मनगटावर जेलचं बोट फिरवलं. तासाभरात काही उठलं नाही. झाला त्याचा न्याय. म्हणाला, तुम्ही लोक घरी काहीबाही पिवळं फासता आणि नाव आमच्या मालाला ठेवता. असली मुलगी पाहुण्यांसमोर चालणार नाही.

“मादाम, आज्यापणज्यांपासून हळद लावतो आमी,” आई मला म्हणाली. “कुणाला नाय चावली ती. हिलाच कशी चावंल?”

खरं सांगते, माझं डोकंच फिरलं. पण रागानं निदान होत नाही. हळदही एखादीला बाधू शकते. बाधली असती तर मी तेही तोंडावर सांगितलं असतं. पात्रोंना मी एवढंच म्हटलं, की बघितल्याशिवाय मी कुणावर आळ घेणार नाही, हळदीवर नाही आणि जेलवरही नाही. ते म्हणाले, हॉटेल हातचं गेलं तर तुझीही गरज उरणार नाही. मी म्हटलं, बरं.

आता थोडं जेलविषयी. मुलं नाकावर लावतात ती पांढरी झिंकची पेस्ट कातडीवर बसून ऊन अडवते. केमिकल जेल तसं नाही. त्यातलं रसायन ऊन स्वतः शोषून घेतं. जेलमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून ते चटकन सुकतं आणि चिकटत नाही. कोरड्या किंवा ओरखडे पडलेल्या कातडीला ते झोंबतं, पण ते लगेच कळतं. फसवं दुखणं वेगळंच. काहींच्या कातडीला ते रसायन सावलीत काहीच करत नाही. त्यावर ऊन पडलं की मग पुरळ उठतं, आणि तेही पुष्कळदा दुसऱ्या दिवशी. मॅनेजरनं पंख्याखाली बसून केलेली परीक्षा म्हणूनच कुचकामी होती.

मीनाची सूज उतरू दिली. मग तिच्या दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, जिथे काही उठलं नव्हतं, वर एका जागी हळद लावली आणि त्याखाली वेगळ्या जागी जेल. पट्ट्या बांधून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती बसनं परत आली, अंगात आईचा मळ्यात घालायचा जाड, लांब बाह्यांचा सदरा. उजवी बाही वर केली, पट्ट्या काढल्या, आणि मागच्या अंगणात हात थोडा वेळ उन्हात धरायला लावला. डावा हात बाहीत झाकलेलाच. पात्रों दारातून बघत होते. मला म्हणाले, हे दुकान आहे, प्रयोगशाळा नव्हे.

तिसऱ्या दिवशी मी मॅनेजरला दुकानात बोलावून घेतलं. आला, घड्याळ बघत. मी मीनाला दोन्ही बाह्या वर करायला सांगितलं. डाव्या हातावर हळदीचा पिवळा डाग आणि जेलच्या जागी स्वच्छ कातडी. उजव्या हातावर हळदीचा तसाच डाग, आणि त्याखाली जेलच्या जागी लालभडक, पुरळ उठलेला चौकोन.

“हळदीनं ऊन खाल्लं, जेलनंही खाल्लं,” मी म्हटलं. “कुणी काय केलं ते दिसतंय. आता हिला काढायचं असेल तर कारण नीट सांगून काढा.”

त्यानं वाकून दोन्ही हात बघितले. मग म्हणाला, जेल नाही तर मग उन्हात काम कशी करणार ही? मी काही बोलायच्या आत मीनानं बाह्या खाली केल्या आणि मनगटाशी बटणं लावली.

“अशी करीन, साहेब. माझी आई जन्मभर उन्हातच आहे.”

मीना कायम झाली, लांब बाह्या, टोपी आणि नाकावर झिंकची पेस्ट लावून. पाहुणे हसतील म्हणून मॅनेजर कुरकुरला, पण हसलं कुणी नाही. पुढच्या सीझनला हॉटेलनं सगळ्याच पोरींना लांब बाह्यांचे पांढरे सदरे शिवून दिले आणि पाहुण्यांना सांगितलं, ही खास बेटावरची फॅशन. मीनाच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली.

हॉटेलनं जेल मात्र दुसऱ्या दुकानातून घ्यायला सुरुवात केली. पात्रों महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मी माफी मागितली नाही. मागायचं कारणच नव्हतं.

जेल मानवतं की नाही हे ट्यूबवर लिहिलेलं नसतं. हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावा, दुसऱ्या दिवशी त्या जागेला थोडं ऊन दाखवा, आणखी एक दिवस थांबा, मगच तोंडाला लावा. पुढे पात्रोंच्या बायकोसाठी नवीन जेल आलं, तेव्हा ते स्वतः तिला घेऊन काउंटरवर आले. मी ट्यूब बाजूला ठेवली आणि म्हटलं, “मादाम, आधी हात पुढे करा.”