नेहमीएवढीच गोळी

नर्सिंगचा कोर्स संपवून मी सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात लागले, तेव्हा अफूचा परवाना असलेली माणसं पहिल्यांदा पाहिली. सत्तर सालानंतरची गोष्ट. अफूला कायद्याने बंदी होती. पण ज्यांना वर्षानुवर्षांची सवय होती, त्यांना डॉक्टरच्या दाखल्यावर सरकारच ठरावीक अफू देई. यादीत नवं नाव चढत नसे, आणि जुन्यांचं प्रमाण हळूहळू कमी करायचं, अशी नियमाची रीत. तपासणीच्या दिवशी ही माणसं व्हरांड्यात भिंतीला टेकून जांभया देत, नाक पुसत बसायची. बहुतेक म्हातारे पुरुष.

त्यात बाई एकच. वळसंगकडची, पन्नाशी उलटलेली, उंच आणि काटक. धाकट्याच्या बाळंतपणानंतर पोटात मुरडा यायला लागला, तेव्हा सासूनेच तिला पहिली गोळी दिली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. वीस वर्षांत ती हरभऱ्याएवढी झाली. तरी शेतातलं काम तिने कधी चुकवलं नव्हतं.

एके वर्षी वरून आदेश आला, की ज्यांना अफू सोडायची आहे त्यांना दवाखान्यात ठेवून उपचार करावेत. डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं. म्हातारे हसले. ही मात्र म्हणाली, "मी ऱ्हाते."

मी विचारलं, "मावशी, घरच्यांनी सांगितलं का?"

"कुणी न्हाई. सून नातीला माज्याजवळ देत न्हाई. म्हणती, तुमी मांडीवर घिऊन पेंगता, पोरगी पडंल की." आणि म्हणाली, "खरंच हाय ते."

वेगळा वॉर्ड नव्हताच. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट दिली. रोज औषधातून थोडी अफू द्यायची आणि ती उतरवत न्यायची, एवढाच उपचार. चौथ्या दिवसापासून तिचे हाल सुरू झाले. अंगावर काटा, जुलाब, पायांत गोळे. ती खाटेच्या लोखंडी दांडीवर टाचा आपटायची. मी मीठ-साखरेचं पाणी घेऊन गेले की कानडीत शिव्या द्यायची. एकदा माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी फुटली. मग स्वतःच काचा वेचून म्हणाली, "नर्सबाई, मला घरी धाडा. न्हाई तर बांधून ठिवा."

आम्ही दोन्हीतलं काहीच केलं नाही. मी नुसती बसून राहिले.

दहा-बारा दिवसांनी तिने पहिल्यांदा अख्खी भाकरी खाल्ली. तीन आठवड्यांनी थोरला मुलगा न्यायला आला, बरोबर सून आणि नात. सुनेने पोरगी तिच्या हातात दिली. डॉक्टरांनी परवाना रद्द करून घेतला, तिने अंगठा उठवला.

"आता आयुष्यात हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई लावत."

मीही तेच म्हटलं. त्यापलीकडे आम्ही कुणीच काही सांगितलं नाही.

पाच आठवडे झाले असतील. भर दुपारी दारात टेम्पो थांबला आणि थोरल्या मुलाने तिला हातांवर आत आणलं. ओठ निळे पडलेले, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास येई आणि मग इतका वेळ येत नसे, की मला वाटे संपलं. डॉक्टरांनी होती ती इंजेक्शनं दिली. मी तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबत राहिले. बोटं वाकडी झाली तरी सोडली नाही. शेवटी डॉक्टरांनीच माझे हात बाजूला केले.

मुलगा व्हरांड्यात उकिडवा बसला होता.

"सकाळधरनं पोटात मुरडा हुता," तो सांगू लागला. "गडाबडा लोळत हुती. औषिद बगाया आड्यावर हात घातला, तर तिचीच अफूची जुनी डबी गावली. ती नगं म्हणत हुती. मला बगवंना. मीच दिली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नेहमीएवढीच दिली, बाई. हरभऱ्याएवढी. जास्त न्हाई. रोज तेवढी खाऊन रानात राबायची की. मग कसं झालं?"

मला कारण माहीत होतं. सवय मोडली की शरीराला पूर्वीचं प्रमाण झेपत नाही. जी गोळी खाऊन ती राबायची, तीच आता विष होती. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तिला मात्र सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं."

त्याने मान डोलावली. त्याला ते पटलं असावं, किंवा पटवून घ्यायचं असावं. माझी हिंमत झाली नाही, एवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, "घरी जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं. परत खाल्लीच, तर पूर्वीएवढी खाऊ नका म्हणून."

ते भडकले. "म्हणजे सरकार सोडवणार आणि तू किती खायची ते शिकवणार? असलं काही नियमात नाही."

पुढे दोन वर्षांत उपचाराला जेमतेम पाच-सहा माणसं आली. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात गेले, की मी त्या माणसांजवळ बसून हेच सांगायचे. अक्कलकोटकडचा एक म्हातारा होता. त्याला मराठी नीट कळत नसे, म्हणून त्याची लेक माझं एकेक वाक्य कानडीत सांगत होती. सगळं ऐकून तो काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, पहिल्या दिवशी डॉक्टरांनी का नाही सांगितलं? घरात अजून अफूची पुडी आहे."

मी लेकीला म्हटलं, घरी गेल्यावर ती आधी शोधा आणि नाल्यात टाका. ती हो म्हणाली. तिने टाकली की नाही, ते मला कधी कळलं नाही.