मी टाकलेली तारीख

मी कळंबच्या शाळेत उभी हयात कारकुनी केली. कागद समोर आला की हात आपोआप चालतो. तोच नडला.

माझ्या मागच्या खोलीत बंगालकडचं एक जोडपं भाड्यानं राहायचं. नवरा सायकलवर चादरी विकायचा. बायको मला मासी म्हणायची, संध्याकाळी माझ्याच ओट्यावर बसून भाजी निवडायची. आमचे हे गेले, पोरगा परदेशात. माझ्या घरात तेवढाच काय तो माणसाचा आवाज.

मग बाहेरून आलेल्यांची तपासणी सुरू झाली. तुम्ही बांगलादेशचे तर नाही? दाखवा कागद! आम्ही चार-पाच रिटायर माणसं वाचनालयात बसून अशा लोकांचे अर्ज भरून द्यायला लागलो. कुठं काय जोडायचं ते आम्हाला तोंडपाठ, त्याची मिजासही होतीच.

तिचा अर्ज मीच भरला. जन्मतारीख विचारली तर हसली. "मालूम नहीं, मासी." आमच्याकडे तारीख माहीत नसली की मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. अर्धा तालुका एक जूनचाच. मीही बिनधास्त तेच लिहिलं आणि तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स न वाचताच खाली टाचली. त्यावर एक जानेवारी होतं. अक्कल चरायला गेलती माझी!

दोन तारखा दिसल्या नि तिचे कागद खोटे ठरले. मी ठाण्यात धावले.

"साहेब, चूक माझी आहे. तिले काहून धरता?"

"मॅडम, तुम्ही कायले मधात पडता? अर्जावर अंगठा तिचा आहे ना?"

तिच्यासोबत नवऱ्यालाही गाडीत बसवलं. पडताळणीला नेतो म्हणाले, कुठं ते सांगितलं नाही. तिनं खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "मासी, मिरची के पौधे को पानी देना." रागाचा एक शब्द नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही प्रतिज्ञापत्र केलं, अर्जावर अर्ज दिले. उत्तर नाही. तिचा फोन बंदच. झाडाला मिरच्या लागल्या, पिकून लाल झाल्या.

परवा सकाळी पोराचा व्हिडिओ कॉल आला. "आई, हॅपी बर्थडे!"

हो, मीही एक जूनचीच. तारीख मास्तरांनी टाकलेली. मला आजवर कोणी पुरावा मागितला नाही.

"केक कापला का?"

"कोणासोबत कापू रे?" म्हटलं, आणि फोन ठेवून मागं पाणी घालायला गेले.