विमलताईंच्या उपाशी पेशी

सकाळी प्रयोगशाळेत आल्या आल्या विमलताई इन्क्युबेटर उघडायच्या, पेशींची बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि विचारायच्या, “काय रं, जेवलासा का?” मी तिथं नवा होतो. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय.

ताई म्हसवडकडच्या मेंढपाळ घरातल्या. सांगलीच्या आमच्या कॉलेजात वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक. मी कोरेगावचा, ऊसवाल्यांचा, पीएच.डी.ला आलेला आणि अंगात नको तेवढा माज. बेंदराला, बैलांच्या सणाला, गावी गेलो तो चार दिवस तिथंच रमलो. पेशींचं खाद्य बदलायचं साफ विसरलो. परतल्यावर गुपचूप बाटल्या ओतून द्यायला निघालो, तर ताईंनी मनगट धरलं.

“थांब की. उपाशी हायती, मेल्याल्या न्हाईत. उपाशी जीव काय करतोय त्ये तरी बघू.”

पेशी उपाशी राहिली की स्वतःचेच जुने, मोडके भाग खाऊन तगते, हे मीही वाचलं होतं. हे खाणं सुरू करणारं एक प्रथिन असतं. पोट भरलेलं असताना दुसरं प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवतं. उपासात ती पकड सुटते. पण सोडवतं कोण? ताई त्या प्रश्नाच्या मागेच लागल्या. एक प्रथिन ओढून बाहेर काढायचं आणि त्याला चिकटून कोण येतं ते पाहायचं, असं ते किचकट काम. “कुनी कुनाला धरलंय, त्येवढंच बघायचं,” म्हणायच्या. वर्षभर हाच उद्योग. शेवटी उपाशी पेशींत एक तिसरंच प्रथिन मध्ये घुसलेलं सापडलं. ते काढून टाकलं, तर पकड सुटेना.

शोधनिबंध लिहिताना आमचे सर म्हणाले, “सहायकांची नावं आभारात जातात.” पहिलं नाव त्यांनी माझं घातलं. माझी पदवी त्यावर अडली होती. मी गप्प बसलो, असं सांगायला बरं वाटतं. प्रत्यक्षात मी “बरोबर आहे, सर” म्हणालो. त्याची मला आजही लाज वाटते.

ताईंनी मसुदा वाचला. आपलं नाव आभारात पाहिलं आणि पान उलटलं. मग एका आकृतीवर बोट ठेवलं.

“हितं उलटं लिवलंयस. ह्या जेवल्याल्या, त्या उपाशी. कुनी इचारलं तर उघडा पडशील की रं.”

ज्यानं ते काम हातानं केलंच नाही, तोच असली चूक करतो. मी निमूट दुरुस्ती केली. महिनाभरात ताई नोकरी सोडून गावी गेल्या.

यंदा त्या वारल्याचं कळलं. एव्हाना मी प्राध्यापक झालो होतो. दोन सहकाऱ्यांना घेऊन म्हसवडला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. ताईंच्या धाकट्या भावानं घोंगडं अंथरलं.

“आवं सर, आक्का तितं नेमकं काय करत हुती? इचारलं की नुसती हसायची. आमाला कायबी म्हाईत न्हाई.”

तुमच्या घरात एक शास्त्रज्ञ होती, एवढंच सांगायचं होतं. सहकारी शेजारीच बसले होते.

“माझ्या हाताखाली होत्या,” मी म्हणालो.

भावानं हात जोडले. “मग नशीब तिचं. चांगल्या मानसाजवळ हुती.”