पहिला फेरा मालकाचा

पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला कोण उभं आहे, कोण घाई करतो आहे, याच्याशी काही देणंघेणं नाही. मग एक डोळा उघडून म्हणायचे, "आवाज आयका."

आपल्याला काय ऐकू येणार? खडखड तेवढी. पण आपण मान हलवायची. तुमच्याही गावात असा एखादा मिस्त्री असेल, त्याच्यासमोर तुम्हीही अशीच मान हलवली असेल.

बालाघाटच्या आमच्या वार्डात ते नुसते मिस्त्री. नाव मी लिहीत नाही. एका ठेकेदारानं ते नाव जन्मभर मोडून, शेवटी 'या' लावून भर रस्त्यात हाका मारल्या. त्याची पोरं अजून बालाघाटात आहेत. त्यांच्या तोंडात ते नाव पुन्हा पडायला नको.

त्या वर्षांत जो तो काही ना काही बदलत होता. शेर जाऊन किलो आला, आणे जाऊन नवे पैसे आले. आम्ही नागपूरला दीक्षा घ्यायला गेलो तेव्हा नागपूर आमच्याच राज्यात होतं, पुढच्याच महिन्यात ते दुसऱ्या राज्यात गेलं. पटवारी धानाच्या बांध्यांचे प्लॉट पाडत होते. मी कॉलेजात गेलो, माझ्या घराण्यात पहिलाच, आणि 'कन्वर्शन' हा शब्द मला पुस्तकापुस्तकांतून भेटत गेला. भौतिकशास्त्रात मापं बदलणं, तर्कशास्त्रात विधान फिरवणं, कायद्यात दुसऱ्याची वस्तू आपली असल्यासारखी अडवून ठेवणं. मी मोठ्या ऐटीत मिस्त्रींना हे सांगितलं.

ते म्हणाले, "इतके? आमच्यात एकच हाय. पेट्रोलचं काढाचं, डिझेलचं बसवाचं. कनवर्सन."

आसपासच्या सगळ्या जुन्या ट्रकांचं 'कनवर्सन' त्यांच्याच टिनाच्या शेडमध्ये होई. त्यात त्यांचा एक नियम होता. काढलेलं पेट्रोल इंजिन भंगारवाल्याकडे रवाना झाल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही.

"जुनं डोयापुढं राह्यलं का मालकाचं मन मांगं जाते. बदललं म्हंजे बदललं. मांगं पाहाचं नाही."

घरीही तसंच. नागपूरहून आले, आणि सकाळी चहासुद्धा न घेता देव्हारा उचलून वैनगंगेवर गेले. बायको रडत होती. तिला म्हणाले, "रड, पन चहा ठेव." परत येऊन दोघांनी चहा घेतला. देव्हाऱ्याच्या जागी त्या दिवसापासून त्यांची पान्यांची पेटी.

आता ठेकेदाराचं सांगतो.

मँगनीज वाहणारे त्याचे ट्रक होते. तिरोडीकडच्या एका लहानशा खाणीतून कटंगीवरून बालाघाटच्या मालधक्क्यापर्यंत. मिस्त्रींच्या मुलीचं लग्न कटंगीच्या मुलाशी ठरलं, तेव्हा वऱ्हाड आणायला त्यानं आपण होऊन ट्रक कबूल केला. "ले जा रे, तेरी लडकी हमारी लडकी." मिस्त्री इतके खूश झाले, की त्याच्या सगळ्या गाड्यांचे ब्रेक त्यांनी फुकट आवळून दिले.

वऱ्हाडाला आणायला मला पाठवलं. शिकलेला म्हणून. मी पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून कटंगीला उभा. वऱ्हाडही सगळं पांढऱ्यात, बाया पांढऱ्या लुगड्यांत. बौद्ध पद्धतीचं त्या घरातलं पहिलंच लग्न होतं. म्हाताऱ्यांनीसुद्धा नवी टोपी घेतली होती.

ट्रक आला तो मँगनीजनं भरलेला.

ड्रायव्हर खाली न उतरता म्हणाला, "बसायचं असेल तर मालावर बसा. मालकाचा हुकूम आहे." दुसरी गाडी मिळण्यासारखी नव्हती, लग्नाची वेळ टळत होती. आम्ही बसलो. मँगनीजची भुकटी ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. ती घामात भिजते आणि कातडीत जाऊन बसते. बालाघाटात आम्ही उतरलो तेव्हा नवरदेवाचे फक्त डोळे ओळखू येत होते. ट्रक बाजारातून मुद्दाम हळू आणला होता. पानठेल्याशी ठेकेदार उभा. तो हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "कपडा सफेद पहन लिया तो क्या हुआ? असली रंग देख लो."

हे वाक्य मी विसरलो नाही. विसरायचंही नाही.

लग्न लागलं. पण नवरदेवाच्या बापाला वाटलं, गाडी मुलीकडची, म्हणजे अपमानही मुलीकडचा. भाड्याच्या गाडीचा खर्च वाचवायला मिस्त्रींनी मालाच्या गाडीत कोंबून आणलं. मी सांगायला गेलो, तर म्हणाला, "तू त्याच्या शेजारचा. तू त्याचंच म्हनशीन." ड्रायव्हरला विचारलं, तर मालकाच्या भीतीनं तोही म्हणाला, "मिस्त्रीनंच सांगितलं होतं, माल घेऊन ये म्हणून." झालं. पोरगी सासरी गेली ती गेलीच. आखाडी आली, दिवाळी आली, माहेरी धाडली नाही. मिस्त्रींची बायको कटंगीला जाऊन दारातूनच परत आली.

मिस्त्री पेचकस कानाला लावून बसत, आणि पुष्कळदा इंजिन बंदच असे.

पुढच्या उन्हाळ्यात ठेकेदाराला स्वस्त डिझेलची हाव सुटली. त्यानं सगळेच ट्रक मिस्त्रींच्या शेडसमोर आणून लावले. "देख रे, बारिश के पहले सब हो जाना." मिस्त्री म्हणाले, "हौ."

वार्ड खवळला. मी तर शेडमध्येच गेलो.

"काका, त्याचं काम घेता? मंग एक करा. सिलिंडरमध्ये मूठभर रेती टाका. कोणाला कळते?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी त्यांच्या ताटातच रेती टाकली होती. "काहून? इंजनानं काय केलं तुह्यं? बी.ए. झाला न बावा तू. भांडन त्याच्याशी हाय का मशीनशी?"

मी शेडबाहेर पडलो. पण राग गेला नाही.

मिस्त्रींनी नेमानं काम सुरू केलं. एकेका ट्रकचं पेट्रोल इंजिन उतरवलं, रिवाजाप्रमाणे भंगारात धाडलं. पुढचा भाग उघडून ठेवला. मग सगळे पाने धुतले, फडक्यात गुंडाळले, आणि शेडच्या दाराशी खाट टाकून बसले.

ठेकेदार आला. "क्यों रे, काम क्यों बंद है?"

"मालक, एक काम तुमचं राह्यलं हाय. ते तुम्ही करा, मंग माह्यं मी करतो. कटंगीले चला. माह्या व्याह्याले सांगा, तो माल कोनं भरला होता."

ठेकेदार हसला. मग शिव्या दिल्या. मग ठाण्याची धमकी दिली. मिस्त्री म्हणाले, "बलवा. त्यांची जीप बी माह्याचकडं येते. तिचंबी एकवार पाहून घेतो." मग वकिलाकरवी निरोप आला, की दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवणं गुन्हा आहे. मिस्त्रींनी मला विचारलं, "हे तुह्या पुस्तकातलंच एक ना?" मी हो म्हटलं. "मंग सांग त्याले, अडवली कुठं? ढकलत ने म्हना."

ठेकेदारानं गोंदियाहून मिस्त्री आणवला, मग नागपूरहून. आणि इथे मिस्त्री लोकांचा रिवाज आडवा आला. दुसऱ्यानं उघडलेल्या गाडीला मिस्त्री हात लावत नाही, उघडणाऱ्यानं हो म्हटल्याशिवाय. नागपूरवाला बॉनेटमध्ये वाकला, विचारलं, "कोनं खोललं?" मिस्त्रींनी खाटेवरून हात वर केला. तो येऊन खाटेवर बसला, चहा प्यायला, दोघं पिस्टनच्या गोष्टी बोलले, आणि तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. ठेकेदार उन्हात उभा. मी समोरच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. पान उलटलं नाही. असा तमाशा कोणत्या पुस्तकात मिळतो?

ढग दिसू लागले. मालधक्क्यावर वॅगन्या उभ्या, माल खाणीत पडून. ठेकेदार शेवटी आला तेव्हा त्यानं 'रे' म्हटलं नाही. कटंगीला यायला नुसती मान हलवली.

मिस्त्रींनी एक ट्रक तयार केला. इतका साफ, की सुरू झाल्याबरोबर आसपासच्यांनी वळून पाहिलं. "पहिला फेरा मालकाचा," ते म्हणाले. "मालावर बसून."

कटंगीच्या बाजाराचा दिवस होता. मी पुढे, ट्रक चालवणाऱ्या मिस्त्रींच्या शेजारी बसलो होतो, हे मी अभिमानानं सांगतो. मागे खाणीवरून भरून आणलेलं मँगनीज, आणि मँगनीजवर पांढरं धोतर, पांढरा कुर्ता. ट्रक बाजारातून हळू गेला, व्याह्याच्या दारासमोर थांबला. लोक जमले. व्याही बाहेर आला. ठेकेदार वरून काहीतरी पुटपुटला.

"का म्हनते? आयकू येत नाही!" व्याही ओरडला.

ठेकेदार खाली वाकून मिस्त्रींना म्हणाला, "इंजन बंद करो!"

"नवं हाय मालक. पहिल्या फेऱ्यात बंद करत नाही."

हा नियम मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मिस्त्रींनी उलट थोडं ॲक्सिलरेटरच दाबलं. मग ठेकेदाराला डिझेलच्या आवाजावर ओरडावं लागलं, भर बाजारात, सगळ्या जोरानिशी: "माल हमने भरवाया था! हमने! मिस्त्रीजी का कोई दोष नहीं!"

मिस्त्रीजी. मी ते ऐकलं. कटंगीनं ऐकलं.

व्याह्यानं त्या काळ्या झालेल्या माणसाला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. मग घरात वळून म्हणाला, "सुनबाई, लुगडं घे. बाप आला तुहा."

पोरगी येऊन आम्हा दोघांच्या मध्ये बसली. ठेकेदार खिडकीशी आला, म्हणाला, "अब तो आगे बैठने दो." मिस्त्री म्हणाले, "पुढं जागा नाही. पोरगी हाय." बालाघाटपर्यंत तो मालावरच आला.

वार्डात तो उतरला, तर मिस्त्रींनी त्याच्यापुढे घासलेटचा डबा आणि लाकडाचा भुसा ठेवला. "यानं घासा. नुसत्या पान्यानं धुतलं जात नाही हे." मला हे आवडलं नाही. मी बोललोही.

"घरी लेकरं हायत त्याची," मिस्त्री म्हणाले.

मी असतो तर दिलं नसतं. आजही देणार नाही.

मिस्त्रींनी बाकीचे ट्रकही बसवून दिले, एकाही बोल्टात कसर नाही. पण गावातले बाकीचे मालक धास्तावले. आज त्याची उघडी राहिली, उद्या आपली. शेडसमोर गाड्या येईनाशा झाल्या. येईल तो दिवस ते पेचकस पुसत काढत. एक दिवस टीन विकले, खांब विकले. तुमसरला एका वर्कशॉपमध्ये जागा मिळाली होती.

तुमसरची बस कटंगीहून मिळे, म्हणून कटंगीच्या स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेलो. व्याही आला होता, पोरगी आली होती, कडेवर तिचं लेकरू. तुमसरची बस हलली. पोरीनं हाक मारली, मी मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही. पाहणार नाहीत हे आम्हाला माहीतच होतं.

पण खिडकीतून दिसत होतं. ते ड्रायव्हरमागच्या सीटवर वाकून बसले होते, पेचकसाचं टोक बसच्या फळीवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आणि तोंड असं वाकडं केलेलं, की त्या ड्रायव्हरची आता तुमसरपर्यंत काही खैर नव्हती.