पळीकाकांचं नाक

आमच्या होस्टेलच्या खानावळीतल्या आचाऱ्यांना सगळे पळीकाका म्हणत. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तशी ते लांब दांड्याची एक छोटी पळी लावत. त्याच स्वयंपाकघरात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. शहर त्यांना पाठ होतं, पण नाकाने. कुठे कसं जायचं विचारलं की सांगायचे, "थांब्यावरून सरळ जा. भाजलेल्या पावाचा वास आला की डावीकडे वळ. साबणाचा वास आला तर चुकलास, मागे फीर."

मी लहान गावातून आलेला. निघताना आईने दोनच गोष्टी बजावल्या होत्या : ओल्या केसांनी झोपू नकोस आणि कुणाच्या ताटाला नावं ठेवू नकोस. पहिली मी आठवड्याच्या आत मोडली. दुसरी मात्र हाडीमाशी मुरलेली. कच्चा बटाटासुद्धा मी "छान आहे" म्हणून गिळत असे. बाकीची मुलं अर्धं ताट टाकून उठत, माझं धुतल्यासारखं लखलखीत. पळीकाका मला "पाहुणे" म्हणू लागले, ते यावरूनच.

मुलांच्या तक्रारी त्या वर्षी फार वाढल्या होत्या. जेवण म्हणे पूर्वीसारखं राहिलं नाही. शेवटी कॉलेजने ठरवलं, सत्र संपताना पाच जणांची समिती येऊन जेवेल. पसंत पडलं तर खानावळ काकांकडे, नाहीतर बंद डब्यांतून जेवण पुरवणाऱ्या कंपनीकडे. काकांनी ती नोटीस वाचली आणि भिंतीवरून न काढता तिच्या शेजारीच झारा अडकवला.

त्याच आठवड्यात त्यांनी मला गाठलं. रविवारी काय करता, म्हणाले. मी म्हटलं, अभ्यास. म्हणजे झोपता, असं म्हणून त्यांनी पिठाच्या पिशवीचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला. त्यावर लिहिलं होतं : संग्रहालयामागचं सुपाचं दुकान. अर्धी वाटी गरम खा, अर्धी गार होऊ दे, मग खा. येऊन सांग.

अशा रीतीने मी शहर पाहिलं. संग्रहालयात एका राजाचे जोडे होते, माझ्याच मापाचे. उगाच बरं वाटलं. मनोऱ्याच्या तीनशे पायऱ्या चढलो, त्या केवळ खाली भाजलेल्या माशांची गाडी उशिरा लागते म्हणून. प्राणिसंग्रहालयात पाणघोडा तोंड उघडून बसला होता. पुढ्यात येईल ते गिळायचं, ही त्याची अडचण मला लगेच समजली.

पहिल्या रविवारी परत येऊन मी अहवाल दिला, "छान होतं सूप."

"आणि राजाचे जोडे?"

"तेही छान."

काका म्हणाले, "मग सूप आणि जोडे यांत फरक काय, पाहुणे?"

तेव्हापासून त्यांनी माझा "छान" बंद केला. आंबट आहे का? आधी लागतं की गिळल्यावर? वास कुठवर येतो, दारापर्यंत की वाटीपुरताच? मी अडखळत सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे आणि बुधवारी तोच पदार्थ करायचे. बुधवारी ताटं रिकामी होऊ लागली. मला वाटायचं, म्हातारा दुसऱ्यांच्या पाककृती चोरतोय आणि चोर म्हणून मला नेमलंय.

एका रविवारी मात्र मी भाजलेल्या पावाचा वास शोधत थेट साबणाच्या कारखान्याशी पोचलो. चौकशी केली, तर बेकरी दीड वर्षापूर्वीच बंद झालेली. तिथे आता चष्म्यांचं दुकान होतं. काकांना सांगितलं तेव्हा त्यांची सुरी थांबली. म्हणाले, "मी तर रोज तिथूनच येतो." मला ती थट्टा वाटली.

पुढच्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात शिरलो तर दूध करपून धूर निघत होता आणि काका पाठ करून निवांत गाजरं चिरत होते. मी ओरडलो. त्यांनी गॅस बंद केला, पातेलं पाण्याखाली धरलं आणि पातेल्याकडे बघतच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ताप आला होता. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. खारट, गोड, आंबट तेवढं जिभेला कळतं. बाकी सगळं कोमट पाणी. हे फक्त बायकोला माहीत होतं.

समितीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. तासभर आधी त्यांनी रश्श्यात पळी बुडवली आणि माझ्यापुढे धरली. मी चाखलं. लसूण जळला होता. कडवटपणा घशापर्यंत उतरला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या तोंडून आईच बोलली, "छान आहे."

काकांनी पळी खाली ठेवली. "तीन महिन्यांत हा शब्द ऐकला नव्हता. काय जळलंय ते सांग."

"लसूण."

त्यांनी रस्सा बाजूला सारला आणि सुपाचं पातेलं चढवलं. पुढचा तासभर ते ढवळत होते आणि मी वाफेत तोंड घालून सांगत होतो : अजून नाही, अजून नाही, आता.

समिती जेवायला बसली. अध्यक्षा रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. विद्यार्थी स्वयंपाकघरात काय करतोय, असं त्यांनी विचारलं. भाज्या चिरतोय म्हटलं असतं तर भागलं असतं. काका म्हणाले, "माझं नाक गेलंय, बाई. वास हा घेतो. हात माझेच आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग तू सांग, सूप कसं झालंय?"

आईची क्षमा मागून मी म्हणालो, "मिरी थोडी जास्त झालीय. आत्ता कळणार नाही, गार झाल्यावर बोचेल."

बाईंनी वाटी बाजूला ठेवली, बाकीचं जेवण उरकलं, मग गार सुपाचा घोट घेतला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काका दोन्ही हात पुसत उभे होते, कोरडे असूनही.

चार दिवसांनी झाऱ्याशेजारी नवी नोटीस लागली. खानावळ वर्षभर काकांकडे. अट एकच : वाढण्यापूर्वी रोज कुणीतरी चाखायचं आणि खरं बोलायचं. ते कुणीतरी कोण, हे कुणी विचारलं नाही.

त्या रविवारी काका पहिल्यांदाच माझ्याबरोबर आले. दोन वर्षांत त्यांनी बाहेर काही खाल्लं नव्हतं. वाटेत चष्म्यांच्या दुकानासमोर थांबून त्यांनी पाटी दोनदा वाचली. सुपाच्या दुकानात मी त्यांना सगळं सांगत बसलो : आधी काय लागतं, नंतर काय, वास कुठवर जातो. ते डोळे मिटून एकेक घोट घेत होते.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मी पुन्हा चाखलं. होतं खरं.