थांबानाना

सायकल उलटी ठेवायची, चाक गरगरा फिरवायचं आणि कान लावून ऐकायचं, ही नानाची रीत. "चाक बोलतं," म्हणायचा. पहिल्या पुलाच्या पायथ्याशी त्याचं दुकान. चार पत्रे, एक पंप आणि भाड्याच्या नऊ सायकली. पुढे चार बेटं, चार पूल. हौशी माणसं सकाळी त्याच्याकडून सायकली नेत, एकेक बेट पालथं घालत आणि उन्हाने तोंडं भाजून संध्याकाळी परत येत.

"नाना, तुम्ही पलीकडे किती वेळा गेलात?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"पुलावरून एकदाही नाही. पुलाखालून अठ्ठावीस वर्षं."

नाना हाडाचा नावाडी. पूल झाले आणि होडी काठावर उपडी पडली ती पडलीच. पाणी उतरत असलं की होडी आपसूक बेटांकडे ओढली जायची. चढत्या पाण्यात काढली तर वल्हं मोडेल, माणूस मोडेल, पण होडी जागची हलायची नाही. म्हणून उतारू कितीही घायकुतीला आला तरी नानाचं एकच, "थांबा. पाणी उतरू दे." त्यावरून लोकांनी त्याला थांबानाना करून टाकलं. होडी गेली, नाव चिकटलं.

शेवटच्या बेटावर त्याची थोरली बहीण दिली होती. आई गेल्यावर अक्कानेच त्याला कडेवर वागवलेला. दोन महिने ती अंथरुणाला खिळून होती. एका सकाळी दुकानात भाच्याचा फोन आला.

"मामा, आईचं काही खरं नाही. सारखी तुलाच विचारतेय. निघ बघू लगेच."

"निघतोच. पाणी उतरू दे."

बोलला आणि पंक्चर काढायला बसला. एक नाही, चांगली तीन काढली. मधूनच मान वर करून खाडीकडे बघायचा, पुन्हा खाली घालायचा.

दुपार कलताना बायको धापा टाकत आली. "अहो, तुम्ही अजून इथेच? मामा निघाला का म्हणून घरी दोनदा फोन आला त्याचा!"

"भरती आहे ना अजून."

बायको त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. "भरती? सायकल काय पाण्यातून वल्हवत नेणार आहात?"

नानाच्या हातातला पाना गळून पडला. सुंभ जळाला होता, पीळ तसाच होता.

मिळेल ती सायकल ओढून तो निघाला. पुलावर वारा अंगावर येत होता. इतकी वर्षं जे पाणी छातीशी भांडलं, ते खाली मुकाट पसरलेलं. होडी लावायचा तो दगड वरून सुपारीएवढा दिसत होता. तिसऱ्या पुलावर कठड्याला टेकलेल्या दोन पोरी म्हणाल्या, "काका, थांबा ना, आमचा एक फोटो काढा."

"थांबायला वेळ नाही," नाना ओरडला. जन्मात पहिल्यांदा.

चार पूल मिळून लागला तासभर. फक्त तासभर.

अक्काच्या दारात चपलांचा ढीग बघून तो सायकलवरून उतरला. भाचा बाहेर आला. डोळे सुजलेले.

"अर्धा तास झाला, मामा."

"मला... शिव्या घातल्या असतील तिने."

"नाही रे. मीच चिडलो होतो. म्हटलं, मामा येत नाही आता. तर म्हणाली, मला खिडकीकडे वळव. बराच वेळ पाणी बघितलं. मग म्हणाली, 'अजून चढतंय. एवढ्यात कसा निघेल तो? मी जरा पडते, आला की उठव.'"

भाचा दारातून बाजूला झाला.

"आत ये, मामा."

सायकल हातातच होती. नाना मागचं चाक अंगठ्याने दाबून दाबून बघत राहिला. हवा भरपूर होती.